उपडी कुंडी

(संध्याकाळ. टँकचा दिवा मंद. आत वाळू नाही, झाडं नाहीत. कोपऱ्यात स्पंज फिल्टर आणि मधोमध उपडी ठेवलेली मातीची कुंडी.)

सकाळपासून हे दोन डिस्कस मासे कुंडीपाशीच आहेत. तोंडाने तिचा एकेक भाग घासून साफ करताहेत. मध्येच समोरासमोर येतात, डोकं खाली झुकवतात आणि सगळं अंग थरथरवतात. शेपटीकडचा भाग काळवंडलाय. डिस्कस पाळणाऱ्याला ही लक्षणं दिसली की तो टँकसमोर स्टूल ओढून बसतो. मीही बसलोय.

यातला नर कोणता, मादी कोणती, हे मी अजून सांगणार नाही.

डिस्कस मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या रिओ नेग्रो नदीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कोमट आणि अतिशय मऊ, म्हणजे क्षार फार कमी असलेलं. व्हिएन्नाच्या योहान याकोब हेकेल यांनी १८४० साली या थाळीसारख्या गोल, चपट्या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. गप्पीचा नर दुकानाच्या दारातूनही ओळखू येतो. डिस्कसचं तसं नाही. नर बहुधा मोठा असतो, त्याचे ओठ आणि कपाळ जाड असतात, पाठीवरच्या पराचं टोक लांब असतं. पण हे सगळं ‘बहुधा’. लहानपणी नीट खायला न मिळालेला नर मादीएवढाच राहतो, आणि धष्टपुष्ट मादी नरासारखी दिसते.

माझी पहिली जोडी मी अशीच ठरवली होती. सहा पिल्लं एकत्र वाढवली. वर्ष उलटल्यावर त्यातली दोन वेगळी राहू लागली, बाकीच्यांना कोपऱ्यात रेटू लागली. मोठा तो नर, असं मी धरून चाललो. कुंडीवर अंडी पडली आणि दोन दिवसांत सगळी पांढरी झाली, म्हणजे वाया गेली. दुसऱ्या खेपेलाही तेच. पाण्याला दोष दिला, औषधाला दिला. तिसऱ्या खेपेला जागचा उठलो नाही, तेव्हा दिसलं. एक अंडी चिकटवत वर गेली, आणि मागून गेलेल्या ‘नरा’नेही अंडीच घातली. दोन्ही माद्या होत्या. नर जवळ नसला की माद्या अशी जोडी जमवतात.

म्हणून आता मी एकाच खुणेवर विसंबतो.

(माशाच्या पोटाखालचा भाग, अगदी जवळून.)

अंडी घालायच्या सुमारास पोटाखाली एक छोटी नळी बाहेर येते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. एरवी ती दिसतही नाही. हे पाहा, उजवीकडचीची नळी बोथट आहे. ती कुंडीला पोट घासत वर चाललीय आणि मागे अंड्यांची ओळ उमटतेय. आता डावीकडचा त्याच ओळीवरून गेला. कुंडीवर नवं अंडं एकही नाही.

हा नर आहे.

नर असूनही अंडी पांढरी पडतात, त्यात पाण्याचा मोठा हात. मोठे डिस्कस थोड्या जड पाण्यात मजेत राहतात, अंडीही घालतात, पण ती फळत नाहीत. मुंबईत नळाला तलावांचं पाणी येतं, ते बरंच मऊ. बोअरवेलवर राहणाऱ्यांना मात्र आरओचं पाणी मिसळावंच लागतं. हीटर २९-३० अंशांवर.

नवी जोडी पहिल्या एक-दोन खेपांना स्वतःचीच अंडी खाते. काही जण कुंडीभोवती जाळी लावतात, काही अंडी काढून वेगळी उबवतात. मी काढत नाही. आईबापांना पिल्लं सांभाळायला शिकायचं असेल तर ती त्यांच्यापाशीच राहायला हवीत, मग दोन खेपा वाया गेल्या तरी चालतील.

(तिसरा दिवस. कुंडीवर थरथरणारे ठिपके.)

अडीच दिवसांत अंडी फुटली. पिल्लं अजून कुंडीलाच चिकटून शेपट्या हलवताहेत. एखादं निसटून खाली पडलं तर आई ते तोंडात घेते आणि परत जागेवर फुंकते. आणखी तीनेक दिवसांनी ती पोहू लागतील, आणि तेव्हा त्यांना आईबापांचं अंग सापडलंच पाहिजे. मी टँकमधलं पाणी थोडं उतरवतो, रात्री मंद दिवा ठेवतो.

(सातवा दिवस.)

दोघांचेही रंग गडद झालेत. पिल्लं त्यांच्या अंगावर तुटून पडलीत. त्वचेवरचा चिकट स्राव हेच त्यांचं पहिलं अन्न, आणि तो आईइतकाच बापाच्याही अंगावर असतो. २०१० साली प्लायमाउथ विद्यापीठाच्या संशोधकांनी तो तपासला. अंडी घातल्यावर त्यातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं वाढलेली आढळली. पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की आईबाप त्यांना टाळून पोहू लागतात. तोवर आर्टेमिया या बारीक झिंग्यासारख्या जीवाची ताजी पिल्लं खायची सवय त्यांना लागलेली असावी लागते. पिल्लं पोहू लागल्यावर चार-पाच दिवसांनी मी सुरुवात करतो.

सकाळपासून सगळी पिल्लं नराच्या अंगावर आहेत. आता मादी जवळ आली. त्याने अंगाला एक झटका दिला. पिल्लं क्षणभर पाण्यात विखुरली, मग एकेक करून तिच्या अंगाला जाऊन लागली. तो पलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि मघाशी टाकलेलं खाणं टिपू लागला.