आसोदा आधी सांगा

मंडळी, आपण आज बसलोय तिथून आसोदा किती लांब, गाडीला किक मारली की आलंच. मधली शेतं गेली, प्लॉट पडले, कॉलन्या झाल्या आणि आता जळगाव कुठं संपतं नि आसोदा कुठं लागतो हे नव्या माणसाला कळत पण नाही. पण इथलं कोणी मोठं झालं की ते लगेच 'जळगावचं' होऊन जातं आणि आसोदा म्हटलं की लोकांना फक्त भरताची वांगी आठवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. कवयित्री बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, महाजनांच्या लेक, हे आधी सांगायला पाहिजे.

जन्म 1880 चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला चौधरींच्या घरात आल्या, तिशीत नवरा गेला, पदरात लेकरं. शाळा नाहीच. दळताना, चुलीपुढं, शेतात निंदताना गाणं जुळायचं, आणि ते कुठल्या भाषेत तर आपल्या लेवा गणबोलीत, जी आपण घरात बोलतो आणि दुकानात, ऑफिसात गेलो की गिळून टाकतो! त्या बोलीत एवढं मोठं काव्य झालंय हो.

आता नीट ऐका. त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातलगानं कानावर पडेल तसं उतरवून घेतलं, जे उतरवलं तेवढंच राहिलं, बाकीची गाणी त्यांच्याबरोबर गेली. 3 डिसेंबर 1951 ला त्या वारल्या आणि पुस्तक आलं 1952 ला, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे आपलं छापलेलं गाणं त्यांनी हातात धरलंच नाही. 2018 ला जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, छान झालं, पण सोपानदेवांनी त्या वेळी आळस केला असता तर नाव द्यायला होतं काय?

शेजारच्या भादलीचं पण सांगतो. बालकवी मूळ धरणगावचे, 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात पोरसवदा वयात कविता म्हटल्या आणि 'बालकवी' झाले. 5 मे 1918 ला याच भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय फक्त 27. भुसावळ लाइननं रोज अपडाउन करणारी किती पोरं भादलीवरून जातात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून माझं मागणं एकच आहे, तुमच्या घरात सत्तरी-ऐंशीच्या आज्या असतील, त्यांच्याजवळ जाऊन बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, भुलाबाईची, कानबाईची, दळणाची जी येतील ती गाणी म्हणू द्या, मध्ये अडली तरी घाई करू नका, आणि सुरुवातीला तिचं नाव नि माहेरचं गाव तिच्याच तोंडून घ्या. मग ते वहीत उतरवून गावच्या शाळेत एक प्रत द्या.