नीलची ओहोटी

अंदमानातल्या नील बेटावर, म्हणजे कागदोपत्री शहीद द्वीपावर, फोटोची वेळ सूर्याआधी समुद्र ठरवतो. लक्ष्मणपूरच्या दोन नंबर किनाऱ्यावरची ही दगडी कमान. इथली बंगाली वस्ती तिला ‘हावडा ब्रिज’ म्हणते. ओहोटी असेल तरच इथवर पायी येता येतं.

कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. ते गणित अंदमानात चालत नाही. मुंबईला पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारास, इथे साडेनऊ-दहाला. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत खाली जातं ते दुपारी साडेतीन-चारला. पुढे रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फारसं हटतच नाही, तेव्हा सुट्टीची तारीख तिथी बघूनच धरलेली बरी.

पाणी तळाला जाण्याच्या तासभर आधी खाली उतरा. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. स्लिपर शेवाळावर सटकते आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. पाय उघड्या दगडावर किंवा वाळूवर, जिवंत प्रवाळावर नाही.

कमानीपेक्षा खरी गंमत खडकांतल्या डबक्यांत आहे. हा राक्षसी शिंपला बघा: निळसर, मखमली ओठ, वर बारीक ठिपके. तुमची सावली पडली की ओठ आत ओढले जातात आणि उरतं नुसतं दगडासारखं कवच. म्हणून ऊन पाठीवर घेऊ नका, बाजूने घ्या. पाण्यावरची चकाकी घालवायला लेन्सवर पोलरायझर हा फिरता फिल्टर लावा आणि पाण्याकडे तिरकं बघत हळूहळू फिरवा. एका जागी तळ एकदम उघडा पडतो. सरळ वरून धरलात तर त्याचा उपयोग नाही. पांढऱ्या वाळूला कॅमेरा फसतो आणि फोटो काळवंडतो, तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरात जाणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट).

शंख-प्रवाळ उचलू नका. रिकाम्या दिसणाऱ्या शंखातही खेकडा असतो, आणि प्रवाळ नेणं हा गुन्हा आहे.

डिसेंबरात इथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. तांबूस उजेडाच्या मोहात थांबलात तर पाणी मागून येतं, आणि ओले दगड अंधारात दिसत नाहीत. पाणी तळाला गेल्यावर तासाभरात परत फिरा. सूर्यास्त एक नंबर किनाऱ्यावरून टिपा.

खोलीत आल्यावर लेन्स कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय उघडून धुवा, नाहीतर वाळूने पेच कायमचे अडकतात.