म्युझियम दाखवताना मी आधी गप्प का राहते

नमस्कार मंडळी! म्युझियममधून बाहेर पडणाऱ्या कुणालाही विचारा, 'काय काय पाहिलंत?' दोन-तीन वस्तूंच्या पुढे गाडी सरकत नाही. पाय मात्र सगळ्यांचेच दुखत असतात. मी म्युझियममध्ये लोकांना फिरवून दाखवण्याचं काम करते, आणि सुट्टी मिळाली की स्वतः दुसरी म्युझियम बघायला जाते. त्यामुळे आज बोलूया म्युझियम बघावं कसं आणि दुसऱ्याला दाखवावं कसं, यावर.

माझं मत आधीच सांगते. गाइडने तोंड उघडायच्या आधी लोकांना ती वस्तू नीट बघू द्यावी. माहिती सुरू झाली की लोक गाइडच्या चेहऱ्याकडे बघतात आणि वस्तू बिचारी काचेआड राहून जाते.

उदाहरण देते. आमच्या फेरीत एक मातीची पाटी लागते. मेसोपोटेमियातली, क्यूनिफॉर्म लिपीत लिहिलेली, तळहातावर मावेल एवढी. समोरून बघाल तर वाळलेलं ढेकूळ. लोक एक नजर टाकतात आणि पुढे सरकतात. मी एवढंच म्हणते, "जरा वाका आणि तिरकं बघा." तिरकं पाहिलं की खाचांमधल्या सावल्या दिसायला लागतात आणि एकेक खूण उठून येते. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. बोरूसारखी कापलेली काडी ओल्या मातीत दाबली की अशी खूण उमटते. मग मी विचारते, "आता सांगा, ओळ कुठे संपते?" सगळी डोकी काचेच्या कडेला सरकतात. कारण ओळ समोर संपतच नाही, पाटीच्या कडेवरून वळून पलीकडे जाते. एकदा एक छोटी मुलगी पटकन म्हणाली, "त्याला जागा पुरली नाही!" अगदी बरोबर. लिहिणाऱ्याचा मजकूर संपला नव्हता आणि माती संपत आली होती, म्हणून तो कडेवर लिहीत गेला. हेच मी आधी सांगितलं असतं, तर सगळे 'अच्छा' म्हणून पुढच्या दालनात गेले असते. त्या मुलीने ते स्वतः शोधलं होतं. पुढे गेलेल्या आईबाबांना हाताला धरून तिने परत आणलं आणि त्यांनाही वाकायला लावलं.

चित्रांसमोर हे आणखी चांगलं जमतं. फिलिप येनावाइन आणि अ‍ॅबिगेल हाउसेन या दोघांनी चित्र बघण्यासाठी एक पद्धत तयार केली, तिचं नाव व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज. तिच्यात प्रश्न तीनच. या चित्रात काय चाललंय? असं कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? यातला दुसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 'ही बाई दुःखी आहे' असं कुणी म्हणालं, की 'कशावरून?' विचारायचं. मग तो माणूस परत चित्राकडे वळतो. खांदे बघतो, हात बघतो, नजर कुठे लागलीय ते बघतो. पण नुसत्या प्रश्नांवर फेरी चालत नाही, हेही खरं. त्या पाटीवर काय लिहिलंय हे कितीही टक लावून पाहिलं तरी कळणार नाही. ते सांगावंच लागतं, आणि तोवर उत्सुकता जागी झालेली असल्याने सांगितलेलं लक्षात राहतं.

आता पाय का दुखतात? 1916 साली बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सचे सचिव बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी म्युझियममधल्या थकव्यावर लेख लिहिला. चांगली नजर असलेल्या एका माणसाला त्यांनी वस्तूंबद्दल प्रश्न दिले. उत्तरं शोधताना त्याला कुठे वाकावं लागतं, कुठे उकिडवं बसावं लागतं, याचे फोटो काढले. दोष त्यांनी वस्तूंच्या मांडणीला दिला, बघणाऱ्याला दिला नाही. हे मला फार पटतं. कंटाळलेल्या माणसाला कलेची आवड नाही असं आपण लगेच ठरवून टाकतो, पण कित्येकदा त्याची पाठ भरून आलेली असते. म्हणून मी तासाभरात सात-आठच वस्तू दाखवते आणि मध्ये बाकावर बसवते. सगळं म्युझियम एका दिवसात संपवायचा आग्रह सोडा, प्लीज.

'इथे इतका अंधार का?' हे तर रोजचंच. कागद, कापड, जलरंग यांच्यावर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि थोड्या थोड्या उजेडाचं नुकसान साठत जातं. दालनात शिरल्यावर काही मिनिटं थांबा. डोळे सरावले की खूप काही दिसायला लागतं.

एकटे जाणार असाल तर माझी एक सवय घ्या. प्रसिद्ध वस्तूसमोर पोचलात की मागे वळून बघा. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये 'मोनालिसा' आहे फक्त 77 बाय 53 सेंटीमीटरची, आणि तिच्यासमोर ही गर्दी! त्या गर्दीच्या पाठीमागे, समोरच्या भिंतीवर इटालियन चित्रकार व्हेरोनेझेचं 'वेडिंग ॲट केना' हे चित्र आहे. 1563 सालचं, जवळजवळ दहा मीटर रुंद. त्यात वादक आहेत, वाढपी आहेत, कुत्री आहेत. अर्धा तास सहज जातो. तिथे उभं राहायला जागाही मिळते.

आणि एक प्रश्न गाइडने कधीच टाळू नये. 'ही वस्तू इथे आली कशी?' मुलं तो हमखास विचारतात. कुणाला घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये गेलात, तर रोझेटा शिलेसमोर हा प्रश्न येणारच. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेली ही शिला 1799 मध्ये इजिप्तमध्ये फ्रेंच सैनिकांना सापडली, 1801 मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात गेली आणि 1802 पासून त्या म्युझियममध्ये आहे. बहुतेक लोक समोरच्या तीन लिप्या बघून निघतात. तुम्ही त्यांना शिलेच्या बाजूला न्या. तिथे रंगाने इंग्रजीत लिहिलंय की 1801 मध्ये ब्रिटिश सैन्याने ही इजिप्तमध्ये काबीज केली. दुसऱ्या बाजूला लिहिलंय की राजा तिसऱ्या जॉर्जने ती भेट दिली. अक्षरं फिकट झालीत, पण शोधली की सापडतात. ती त्यांनाच शोधू द्या. मग सांगा, की इजिप्तमधून ही शिला परत करा अशी मागणी होते आहे. त्यानंतर जी चर्चा सुरू होते ती घाईने आवरू नका. पुढची एखादी वस्तू राहिली तरी चालेल.