दारात थांबलेला थोरला भाऊ

श्रोतेहो, नमस्कार. ख्रिस्ती कथा-कादंबरीचं हस्तलिखित बहुतेकदा एकाच जागी अडखळतं. पात्र बोलता बोलता गप्प होतं आणि त्याच्या तोंडून चर्चचे पाळकसाहेब बोलू लागतात. पानभर वचनं, मग रडणं, मग पश्चात्ताप. वाचक तिथेच पुस्तक मिटतो, कारण त्याला करायला काही उरलेलंच नसतं.

यावरचा उपाय बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. येशूनं सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बापाकडून वाटणी घेऊन ती परदेशी उडवणाऱ्या धाकट्या मुलाची गोष्ट, तुम्हांला पाठ असेल, पण आज तो लिहिणाऱ्याच्या कानानं ऐका. कंगाल होऊन डुकरं राखणारा तो मुलगा घरी जाऊन काय बोलायचं ते आधीच जुळवतो. मी पाप केलंय. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही. मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. आता भेटीचा प्रसंग बघा. बाप धावत येऊन गळ्यात पडतो. मुलगा पहिल्या दोन गोष्टी बोलतो. तिसरी? मोलकऱ्याची गोष्ट तोंडातच राहते! बाप तोवर चाकरांना झगा, अंगठी आणि जोडा आणायला सांगून मोकळा झालेला असतो. सबंध दाखल्यात ‘क्षमा’ हा शब्द एकदाही येत नाही.

मग थोरला भाऊ शेतातून येतो. वाद्यं ऐकून चाकराला विचारतो आणि बाहेरच थांबतो. समजूत घालायला आलेल्या बापाला तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप उत्तरात तेवढंच नातं फिरवतो: ‘हा तुझा भाऊ.’ पुढे थोरला आत गेला का? सांगितलेलंच नाही. आणि ऐकणारे कोण होते? येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणारे परूशी आणि शास्त्री, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपुढारी. म्हणजे दारात तेच उभे होते.

पुन्हा सांगते: पात्राचं तयार भाषण मध्येच तोडा, आणि शेवट वाचकाच्या दारात नेऊन सोडा.

रोजच्या कामाचं गणित सोपं आहे. दिवसाला 300 शब्द, आठवड्यातले 5 दिवस; 60 हजार शब्दांचा पहिला खर्डा 40 आठवड्यांत होतो. उपासनेच्या दिवशी लिहू नका, नुसतं बघा. वहीत ‘कृपा’, ‘शांती’ असले शब्द नकोत, हालचाल टिपा: प्रार्थना चालू असताना फोन थरथरतो आणि आमेनच्या आधीच एक हात खिशात जातो. हा हात कादंबरीत कामाला येतो.

कथेतली प्रार्थना दोन-तीन वाक्यांचीच ठेवा. ती त्याच प्रकरणात फळली की ताण संपला. मध्ये निदान दोन प्रकरणं जाऊ द्या, आणि उत्तर मागितल्यापेक्षा वेगळं येऊ द्या. चमत्कारानं पेच पडला तर चालतो, सुटला तर वाचक रुसतो. जाता जाता, मुखपृष्ठावरची ती सूर्यकिरणं आणि कबुतर आता पुरे झाली! आतली कादंबरी बरी असली तरी चित्र बघून ती धर्मप्रचाराची पत्रिकाच वाटते.

एक पथ्य मात्र कडक पाळा. चर्चच्या मंडळीत कुणी प्रार्थनेसाठी सांगितलेलं दुःख हा कच्चा माल नव्हे. त्यातलं काही घ्यायचंच तर वय, कामधंदा आणि नातं, तिन्ही बदला. पुन्हा सांगते, तिन्ही. तरीही मागच्या बाकावरच्या माणसाला ‘अरे, ही तर अमकी’ असं वाटणार असेल, तर तो प्रसंग कितीही साधला असला तरी काढून टाका.