एक चूल, दोन जावा

ही पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की उपटायची आणि घरामागे अशी रचून ठेवायची, वर्षभराचं जळण झालं. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आहे, सकाळचे साडेपाच. काडी मोडल्याचा आवाज ऐका. पावसाळ्यात हीच ओली होते, मग जळते कमी अन् धुपते जास्त, आणि फुकणी घेऊन बसलेल्या बाईचं तोंड चुलीपासून हातभरही लांब नसतं. वर पत्रा बघा, काळाकुट्ट. भिंतीला झरोका नाही. गॅस आहे हो घरात, पाहुणे आले की चहा त्यावर, पण सिलिंडरला पैसे लागतात आणि पऱ्हाटी फुकट.

या दोघी जावा, पंचवीस वर्षं याच चुलीपाशी. मोठी अंगणातून ओट्यावर चढली तरी धाप लागून थांबते. धाकटी मात्र डोक्यावर गुंडभर पाणी घेऊन सरळ चालत गेली. "धूर तं म्या बी तेवढाच खाल्ला, मले काईच नाई झालं," म्हणते.

घर एक, धूर एक, पण माहेर वेगळं ना. रक्त वेगळं.

धूर आत गेला की फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी कोतवालासारखी दवंडी देतात. ही दवंडी म्हणजे टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-8 असे रेणू. ती ऐकून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावत येतात आणि इलॅस्टेज हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम सोडतात, ते धुराचं काही करत नाही, फुफ्फुसाची लवचिक जाळीच खातं. त्याला आवरणारं प्रथिन काही लोकांच्या रक्तात जन्मतःच फार कमी असतं, हे स्वीडनमधे लॉरेल आणि एरिकसन यांनी 1963 लाच दाखवलं. आणि दवंडी किती जोरात द्यायची हेही जीनमधे लिहिलेलं. टीएनएफचा जीन सहाव्या गुणसूत्रावर आहे, तो सुरू व्हायच्या 308 अक्षरं आधी डीएनएचं अक्षर बहुतेकांना जी असतं, काहींना ए. क्रॉनिक ब्राँकायटिसच्या, म्हणजे वर्षानुवर्षं खोकला-कफ असलेल्या पेशंटमधे हा ए जास्त सापडतो असं 1997 मधे तैवानमधून आलं, युरोपातल्या बऱ्याच अभ्यासांत मात्र तसं दिसलं नाही, म्हणजे एका अक्षरावर सगळं खापर फोडता येत नाही, असे बरेच जीन थोडा थोडा हात लावतात, आणि धूर तर लागतोच.

मोठीची जीनची टेस्ट कोणी केलेली नाही. झाली ती ही, फुंकायची. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती, पंपाचं औषध देऊनही हे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली असेल तर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार. तिचं 58 आलं. त्याआधी कित्येक वर्षं दम्याच्या गोळ्या, आणि दर वेळी "घरात बिडी कोण पितं?" हा प्रश्न. चुलीचं कोणी विचारलंच नाही.

यंदा ती वेचणीला गेली नाही, मजुरी बुडाली.

ही तिची लेक, बारावीला आहे. आईचे निम्मे जीन्स हिच्यात आलेत, फुकणी मात्र अख्खी आली. मागे दारात बसून मोठी काड्या मोडून देतेय.