शाळूचं पान दुपारी दार लावतं तेव्हा

[दृश्य: सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचं काळं रान. जानेवारी, दुपारचे दोन. वारा नाही.]

शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, हुरड्यात आलाय. शेवटचा मोठा पाऊस होऊन तीन महिने उलटले. सकाळी पसरलेली पानं आता सुरळी करून उभी आहेत. जमिनीत बोट जाईल एवढी भेग पडली आहे, आणि तरीही कणसात दाणा भरतोय.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथला मालदांडी 35-1 हा वाण, ही ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली. पावसाळा संपताना पेरायची आणि जमिनीत साठलेल्या ओलीवर सव्वाशे दिवस काढायचे, हा तिचा धर्म. ती ओल कधी खर्चायची आणि कधी राखायची, हे शेतकरी ठरवतो त्याहून जास्त पान ठरवतं. ते कसं ठरवतं, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांत रेणूंच्या पातळीवर उलगडत गेलं आहे.

[दृश्य: पानाच्या पाठीवर नेलपॉलिश लावणारा हात, जवळून.]

पान हे ठरवतं ते पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या उघडमीट करणाऱ्या बारीक छिद्रांतून. ती पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बिनरंगाचं नेलपॉलिश, पारदर्शक चिकटपट्टी, काचपट्टी आणि शाळेतला सूक्ष्मदर्शक पुरे. झाडावरच असलेल्या पानाची पाठ कोरड्या कापसानं पुसा. पॉलिशचा एक पातळ हात द्या. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. मग चिकटपट्टी दाबून अलगद उचला आणि काचेवर लावा. चाळीसच्या भिंगाखाली, म्हणजे चारशे पट मोठं करून, पाहा.

इथे नेमकं काय चुकतं तेही सांगायला हवं. पॉलिश जाड लागलं तर ठसा धूसर येतो. पानावर दव असेल तर थर धरत नाही, आणि धूळ असेल तर धुळीचाच ठसा मिळतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे पान तोडून घरी नेणं. तोडलेल्या पानाचं पाणी तुटतं, काही मिनिटांत रंध्रं हालतात, आणि दिसतं ते रानातलं पान राहत नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली ठसा. शिरांना समांतर रंध्रांच्या रांगा.]

ज्वारी हे गवत. तिची रंध्रं पेरणीच्या तासांसारखी रांगेत असतात. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी. त्यांचा आकार व्यायामशाळेतल्या डंबेलसारखा, टोकं फुगीर आणि मध्य बारीक. बाजूला दोन सहायक पेशी. टोकं पाण्यानं फुगली की मधल्या कांड्या एकमेकींपासून दूर सरतात आणि फट उघडते. पाणी गेलं की फट मिटते. सहायक पेशी क्षार देतात-घेतात, म्हणून गवतांची रंध्रं इतर बहुतेक झाडांपेक्षा चपळ असतात.

फट उघडी राहिली तर कार्बन डायऑक्साइड आत येतो, आणि त्याच वाटेनं वाफ बाहेर जाते. मुळांनी शोषलेल्या पाण्यातला फार मोठा भाग, शंभरातले नव्वदाहून अधिक हिस्से, याच फटींतून उडतो. ज्वारी सी-4 वनस्पती आहे. ती कार्बन डायऑक्साइड आधी आतल्या पेशींत एकवटते, त्यामुळे फट थोडी आवळूनही तिचं भागतं. भातापेक्षा ती इथं तगते याचं हे एक मोठं कारण.

आता पेशीच्या आत जाऊ.

पाणी तुटलं की पानात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. संशोधक त्याला एबीए म्हणतात. ते 1960 च्या दशकातच सापडलं होतं. पण पेशीला ते आलंय हे कळतं कसं, म्हणजे त्याला धरणारं प्रथिन कोणतं, हा प्रश्न पुढे चार दशकांहून जास्त काळ लोंबकळला. 2009 मध्ये शॉन कटलर आणि एरविन ग्रिल या संशोधकांच्या गटांनी वेगवेगळ्या वाटांनी ते प्रथिन गाठलं. हे काम ज्वारीवर झालेलं नाही. ते अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर झालं. तिथं या ग्राहक प्रथिनांचं चौदा जणांचं कुटुंब आहे. उशीर का लागला, याचं उत्तर त्यातच आहे. एकाचा जनुक बिघडवला तर बाकीचे काम सांभाळून घेतात आणि झाडात फरकच दिसत नाही. कटलर यांच्या गटानं पायराबॅक्टिन हा कृत्रिम रेणू वापरला. तो त्यांतल्या मोजक्याच ग्राहकांना चिकटतो, आणि म्हणून धागा हाती लागला.

[दृश्य: चलचित्र. एक प्रथिन, त्यावर बसलेलं दुसरं.]

या यंत्रणेचं मर्म असं: बंद करणारं प्रथिन पेशीत आधीपासून तयार असतं, फक्त त्याला खीळ घातलेली असते. त्या बंद करणाऱ्याचं नाव ओएसटी-1. ते काइनेज, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं विकर. खीळ म्हणजे पीपी2सी नावाचं फॉस्फेटेज. ते ओएसटी-1 च्या कामाच्या जागेवरच बसून राहतं आणि त्याचं फॉस्फेट काढून टाकतं.

एबीए आलं की ते ग्राहकाच्या पोकळीत शिरतं. पोकळीच्या तोंडाशी एक लवचीक फास असतो, तो झाकणासारखा मिटतो. मिटलेलं झाकण पीपी2सीला नेमकं बसतं. पीपी2सीचं एक ट्रिप्टोफॅन (प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल) त्या झाकणाजवळच्या खाचेत कडीसारखं अडकतं. कडी लागली की खीळच अडकली, आणि ओएसटी-1 मोकळं झालं. 2020 मध्ये आणखी एक पायरी पुढे आली. नुसतं मोकळं होऊन भागत नाही, राफ नावाच्या काइनेजशी साम्य असलेली दुसरी काइनेजेस ओएसटी-1 ला फॉस्फेट जोडून पुन्हा जागं करतात.

जागं झालेलं ओएसटी-1 पेशीपटलावरच्या स्लॅक-1 या मार्गिकेला फॉस्फेट जोडतं. ही मार्गिका 2008 मध्ये ओळखली गेली. ती उघडली की क्लोराइड आणि नायट्रेट बाहेर पडतात. पटलावरचा विद्युतदाब बदलतो, मग पोटॅशियमची वाट उघडते. क्षार गेले की पाणी त्यांच्यामागे जातं, टोकं सैल पडतात, फट मिटते. सगळं मिनिटांत. नवीन प्रथिन बनवण्यात वेळ जात नाही, कारण सगळा संच आधीच जागेवर मांडलेला असतो.

पण कोरडी पडते मुळाजवळची माती. पानाला ते सांगतं कोण? 2018 मध्ये, पुन्हा अरॅबिडॉप्सिसमध्येच, मुळात बनणारं सीएलई-25 हे छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण आखूड साखळी, सापडलं. ते वर पानात जातं आणि तिथं एबीए बनवणारा जनुक चालू करायला लावतं. मुळानं पाठवलेला निरोपच तो.

[दृश्य: ज्वारीच्या बांधावर केना. निळी फुलं.]

हे सगळं स्वतः तपासायचं असेल तर बांधावरचा केना घ्या. ज्वारीची साल सुटत नाही, केन्याची खालची साल चिमट्यानं सहज निघते, म्हणूनच केन्याच्या कुळातली झाडं या संशोधनात जुनी ओळखीची आहेत. साली 50 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि 10 मिलिमोलर एमईएस (सामू स्थिर राखणारं रसायन) असलेल्या, 6.15 सामूच्या द्रावणात अडीच तास उजेडात ठेवा. रंध्रं उघडतील. मग निम्म्या सालींना 10 मायक्रोमोलर एबीए द्या आणि दीड-दोन तासांनी फटींची रुंदी मोजा.

सोलापुरात इथं एक हमखास घोटाळा होतो. द्रावण बोअरच्या पाण्यात केलं तर एबीए न घालताही रंध्रं मिटू शकतात. ते पाणी जड असतं, आणि नुसत्या कॅल्शियमनंही रंध्रं मिटतात. ऊर्ध्वपातित पाणीच हवं. एबीए इथेनॉलमध्ये विरघळवतात, म्हणून तुलनेच्या सालींनाही तेवढंच इथेनॉल द्यायचं. कुपी उजेडापासून झाकून ठेवायची. आणि मोजणाऱ्याला कोणती साल कुठली हे माहीत नसावं, नाहीतर डोळा हवं तेच पाहतो.

[दृश्य: कापणीच्या आधीचं शेत. काही ताटं आडवी.]

मग एबीएचा इशारा वाढवावा, फटी लवकर मिटवाव्यात, पाणी वाचेल, असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी रेणूही तयार झालेत. 2019 मध्ये जाहीर झालेला ओपाबॅक्टिन एबीएपेक्षा ग्राहकाला घट्ट धरतो आणि गव्हावरही चालतो. पण शाळूच्या बाबतीत हिशेब इतका सोपा नाही, आणि तो रानातच समजतो.

दाणा भरताना रंध्रं सतत मिटलेली राहिली तर पान साखर बनवू शकत नाही. कणीस मात्र मागत राहतं. मग झाड ताटात साठवलेली साखर उपसून दाण्याला देतं. ताट पोकळ, अशक्त होतं, आणि जमिनीतली मॅक्रोफोमिना बुरशी खालच्या पेऱ्यांत शिरते. हाच खडखड्या रोग. ताट उभं चिरलं तर आतला गाभा विरलेला, नुसते धागे उरलेले आणि त्यांवर मिरीपूड उधळल्यासारखे काळे कण दिसतात. वारा आला की ताट लोळतं. दाणा हलका, कडबाही गेला. पाणी वाचवणारं दार फार वेळ लावून ठेवलं की असं होतं.

म्हणून ज्वारीच्या पैदासकारांचं लक्ष दार किती घट्ट लागतं यापेक्षा पाणी कधी खर्च होतं याकडे जास्त आहे. इथिओपियन मुळाच्या बी-35 या वाणात ‘पानं हिरवी राहण्याचा’ गुण आहे. त्यामागचे एसटीजी-1 ते एसटीजी-4 हे गुणसूत्रांवरचे भाग ओळखले गेलेत. हे भाग असलेली झाडं सुरुवातीला पानांचा पसारा आवरतात, त्यामुळे फुलोऱ्यानंतर मातीत थोडी ओल उरते. पान हिरवं राहिलं तर ताटातली साखर कमी उपसली जाते आणि खडखड्याचा जोरही कमी होतो. काही ज्वाऱ्या तर हवा फार कोरडी झाली की दुपारपुरता बाष्पोत्सर्ग आखडता घेतात आणि सकाळ-संध्याकाळी काम उरकतात. मला यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण थेंब तेवढेच असतात, फक्त त्यांची वेळ बदलते.

[दृश्य: कोळपं चालतंय. भेगा बुजताहेत.]

सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 पासून चालू आहे, आणि त्याच्या शिफारशी या रेणूंच्या गोष्टीशी चपखल जुळतात. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. दोन ओळींत 45 सेंटिमीटर, दोन रोपांत 15. दाट पेराल तर पानांचा पसारा वाढेल आणि ओल पोटरीआधीच, म्हणजे कणीस पानाच्या वेष्टनात असतानाच्या अवस्थेआधीच, संपेल. एकच पाणी देता येत असेल तर ते पोटरीत, 50 ते 55 दिवसांनी. कणसात किती दाणे धरायचे हे त्याच सुमारास ठरत असतं, आणि त्या वेळी दार मिटलं तर पुढे कितीही पाणी दिलं तरी दाण्यांची संख्या वाढत नाही.

कोळपणी तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. पहिल्या दोन मुख्यतः तणासाठी. तिसरी भेगा बुजवण्यासाठी, दातेरी कोळप्यानं. उघड्या भेगेतून खालच्या थरातली ओल थेट उडते आणि वाढती मुळं तुटतात. मातीचा भुसभुशीत थर वर बसला की खालची ओल टिकते, आणि मुळाचा तो निरोप पानापर्यंत जायला काही दिवस उशीर होतो. हे खरं का ते पाहायचं असेल तर तिसरी कोळपणी झालेल्या आणि न झालेल्या पट्ट्यांत, एकाच दिवशी, सकाळी नऊ आणि दुपारी दोन वाजता नेलपॉलिशचे ठसे घ्या. प्रत्येक ठशावर तीस-चाळीस रंध्रं मोजा, काचेवर वेळ आणि पट्टा लिहून ठेवा.