गाडी तापते, पण केव्हा? एका जुन्या पद्मिनीच्या इंजिनाची तपासणी

पुण्यातल्या एका जुन्या गॅरेजमध्ये उभी असलेली ही प्रीमिअर पद्मिनी ऐंशीच्या दशकातली आहे. फियाटच्या परवान्याने कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून हे मॉडेल तयार होऊ लागले आणि सत्तरच्या दशकात त्याला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र आजही धावतात, आणि त्यांच्या मालकांची सर्वांत जुनी तक्रार एकच असते, ती म्हणजे गाडी तापते.

या गाडीचे दुखणे असे की पुण्याजवळचा दिवे घाट अर्धा चढून होईपर्यंत तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकतो आणि माथ्यावर थांबले की ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफेसकट पाणी बाहेर पडते. मालकांनी आतापर्यंत रेडिएटरची, म्हणजे इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या जाळीची, कॅप बदलली, कुणाच्या तरी सांगण्यावरून थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) काढून टाकला, आणि आता त्यांना हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे धातूचे झाकण, उघडण्याचा सल्ला मिळालेला आहे. हेड उघडणे म्हणजे मोठा खर्च आणि कित्येक दिवसांचे काम. मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी फक्त प्रश्न विचारले.

“साहेब, गाडी सिग्नलला तापते की चढाला?”

“चढालाच, मिस्त्री. शहरात दिवसभर फिरवली तरी काटा मध्यावरून हलत नाही.”

“आणि उताराला लागल्यावर?”

“लगेच खाली येतो.”

या तीन वाक्यांनी निम्मी तपासणी झाली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो, सुमारे एक तृतीयांश धुरावाटे जातो आणि जवळपास तेवढाच हिस्सा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. गाडी सिग्नलला उभी असताना तापत असेल, तर इंजिन फारशी उष्णता निर्माण करत नसूनही ती बाहेर पडत नाही, म्हणजे रेडिएटरच्या जाळीतून हवा पुरेशी खेचली जात नाही आणि संशय पंखा व बेल्ट यांच्यावर जातो. उलट घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून गाडी चढते तेव्हा उष्णता कमाल असते, समोरून येणारी हवा कमी असते, आणि पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता यांत कुठे उणीव असेल तर ती नेमकी तिथे उघडी पडते. उताराला पाय सुटतो, उष्णता घटते आणि अपुरा रेडिएटरही पुरून उरतो.

तरीही काट्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. चाळीस वर्षांच्या वायरिंगमध्ये अर्थिंग सैल होते, सेन्सर चुकीचे आकडे देऊ लागतो आणि इंजिन निरोगी असताना काटा लाल दिसतो. म्हणून मिस्त्रींनी इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घराच्या धातूवर रोखून काट्याची खातरजमा केली. येथे काटा खरे सांगत होता. शिवाय वाफ डोळ्यांना दिसलेलीच होती.

पुढची तपासणी पूर्ण थंड इंजिनावर होते, आणि याचे कारण प्रत्येक चालकाने लक्षात ठेवावे असे आहे. रेडिएटरची कॅप हे नुसते झाकण नाही. प्रेशर कुकरच्या शिट्टीप्रमाणे ती ठरावीक दाबापर्यंत पाणी कोंडून धरते, आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळणारे पाणी पुण्याच्या उंचीवर सुमारे ९८ अंशांवरच उकळते. परंतु बाहेरच्या हवेपेक्षा अर्धा बार अधिक दाब मिळाला तर ते सुमारे ११० अंशांपर्यंत द्रवरूपात राहू शकते. तापलेल्या इंजिनाची कॅप उघडली की हा दाब एका क्षणात सुटतो, आतले सगळे पाणी एकदम उकळते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर व हातांवर येते. रेडिएटरला इंजिनाशी जोडणारी वरची रबरी नळी (होज) हाताने सहज दाबता येईल इतके इंजिन निवल्याशिवाय कॅपला हात लावायचा नाही. घाटात घाई असली तरी नाही.

कॅप उघडल्यावर दिसलेले पाणी गंजाने तांबूस झालेले होते आणि टाकीच्या काठावर पांढरी खर बसलेली होती. मालकांनी सांगितले की गाडीत वर्षानुवर्षे सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी भरले जाते. मिस्त्री यावर काही बोलले नाहीत, पण पुढे ते कुठे पोहोचणार हे बहुधा तेव्हाच ठरले असावे.

बेल्ट, पंप आणि होज यांची तपासणी लवकर उरकली. या इंजिनात वॉटर पंप आणि पंखा एकाच बेल्टवर फिरतात, त्यामुळे बेल्ट सैल असेल तर हवा आणि पाणी दोन्ही एकदम कमी पडतात. इथे अंगठ्याने दाबल्यावर तो सेंटिमीटरभर दबत होता, म्हणजे ताण योग्य होता. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी झिरपल्याची खूण नव्हती आणि पंखा हाताने मागेपुढे हलवल्यावर बेअरिंगमध्ये खेळ जाणवला नाही. खालच्या होजकडे मात्र त्यांनी जास्त वेळ दिला, कारण त्या बाजूने पंप पाणी ओढतो, आणि रबर जुने व मऊ झाले असेल तर इंजिनाचा वेग वाढताच नळी आतल्या ओढीने चपटी होते. उभ्या गाडीत मंद चालीवर हा दोष दिसत नाही. इंजिन चालू करून वेग वाढवल्यावर या गाडीची नळी किंचित आत गेली. ती बदलायची ठरली, परंतु एवढ्याने घाटातली वाफ निघणार नाही, असे त्यांचे मत पडले.

त्यानंतर इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्कबिंदू) असलेल्या जुन्या गाड्यांत पॉइंटची फट कालांतराने कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते, आणि उशिरा पेटलेला वायू पिस्टनला ढकलण्याऐवजी सिलिंडरच्या भिंती व एक्झॉस्टची बाजू तापवत बसतो. गाडी तापते म्हणून रेडिएटरची दोनदा सफाई करून घेणारे आणि टायमिंग एकदाही न तपासणारे मालक कमी नाहीत. या गाडीचे टायमिंग बरोबर होते.

आता रेडिएटर. इंजिन चांगले तापू देऊन ते बंद केले आणि थर्मामीटर जाळीवरून वरून खाली, डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवला. निरोगी रेडिएटरमध्ये तापमान वरून खाली हळूहळू उतरत जाते. इथे खालच्या एका बाजूचा मोठा भाग जवळजवळ थंड लागत होता, हात लावून सुद्धा फरक कळत होता, याचा अर्थ त्या भागातल्या नळ्यांतून गरम पाणी जातच नव्हते. रेडिएटर उतरवला, खालचे तोंड हाताने बंद करून तो काठोकाठ भरला आणि हात काढला. पाणी एकदम कोसळायला हवे होते. ते रेंगाळत उतरले.

पद्मिनीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, झाळकाम केलेला असतो, आणि जुन्या गाडीचे हे मोठे भाग्य मानावे लागेल. आजच्या गाड्यांतील अॅल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकची टाकी दाबून बसवलेली असते, त्यामुळे ती बिघडली की सहसा फेकूनच द्यावी लागते. हा रेडिएटर मात्र उघडता येतो. रेडिएटरचे काम करणाऱ्या कारागिराने बर्नरच्या ज्योतीने कडेची झाळ वितळवून वरची टाकी अलगद सोडवली, आणि आतले दृश्य समोर आले: ओळीने मांडलेल्या चपट्या नळ्यांपैकी कित्येकांची तोंडे पांढऱ्या-पिवळ्या खरीने बुजलेली होती. जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार तापल्यावर असे बसतात, आणि हा थर पितळाच्या तुलनेत इतका मंदवाहक असतो की नळी पूर्ण बुजली नाही तरी उष्णता धातूपर्यंत पोहोचताना अडते. कारागिराने नळीच्या मापाची लांब पातळ पट्टी एकेका नळीत घालून तळापर्यंत सरकवली, प्रत्येक वेळी तिच्याबरोबर चुना आणि गंज खाली पडला. या कामाला रॉडिंग म्हणतात, आणि त्यात घाई केली तर नळी फाटते. टाकी पुन्हा झाळून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला, आत हवेचा दाब दिला आणि कुठे बुडबुडा येतो का ते पाहिले. एका कोपऱ्यात बारीक बुडबुडे आले. तिथे आणखी झाळ चढवली.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवला गेला, पण तपासून. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगला, शेजारी थर्मामीटर धरला आणि पाणी तापवत नेले. ८२ अंशांच्या आसपास त्याची झडप उघडू लागली. थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही, ही आपल्याकडची रूढ समजूत आहे. प्रत्यक्षात थर्मोस्टॅटविना इंजिन सपाट रस्त्यावर गरजेपेक्षा थंड चालते, पेट्रोल जास्त जाते, ऑइलमध्ये ओल साचते आणि सिलिंडर लवकर झिजतात. घाटात तो तसाही पूर्ण उघडा असतो, त्यामुळे चोंदलेल्या रेडिएटरवर तो काढून टाकणे हा इलाजच नव्हे.

राहिला प्रश्न हेडचा. गाडी अनेकदा उकळलेली असल्यामुळे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) शाबूत आहे याची खात्री करणे भाग होते. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे का, हे निळ्या रंगाच्या रसायनाने कळते. रेडिएटरच्या तोंडातली हवा त्यातून ओढली आणि रंग पिवळा झाला, तर गॅस्केट फुटलेले आहे. इथे रंग निळाच राहिला. कॉम्प्रेशनही, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाबही, चारही सिलिंडरांत जवळपास सारखे निघाले. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पांढुरका थर होता, पण पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांत तो ओलाव्यानेही धरतो. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ होते. हेड न उघडण्याचा निर्णय झाला.

उघडावे लागले असते तर काय झाले असते, हे शेजारच्या टेबलावर दुसऱ्या गाडीच्या हेडवर दिसले. हेड अॅल्युमिनियमचे, खालचा ब्लॉक बिडाचा, आणि तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मर्यादेबाहेर तापले की बोल्टांनी जखडलेले हेड वाकते. सपाट पोलादी पट्टी हेडच्या पृष्ठभागावर कर्णरेषेत ठेवली तेव्हा मधल्या भागात तिच्याखालून ०.१५ मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत गेला. एवढी फट गॅस्केटला झाकता येत नाही. अशा हेडचे मशीनवर फेसिंग करावे, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यावा लागतो, आणि बसवताना बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावे लागतात. नुसत्या अंदाजाने आवळलेले हेड पुन्हा गळते, आणि दोष गॅस्केटच्या माथी मारला जातो.

पद्मिनीत नवे होज, साफ केलेला रेडिएटर आणि तपासलेला थर्मोस्टॅट बसवून ब्लॉकमधली घाण स्वच्छ पाण्याने उलट दिशेने धुऊन काढली. मग निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी सावकाश भरले. कॅप उघडी ठेवून, इंजिन मंद चालवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आत अडकलेली हवा बाहेर पडू दिली, कारण हेडमध्ये राहिलेला हवेचा फुगा त्या जागी पाणी पोहोचू देत नाही. पातळी तोंडापासून थोडी खालीच ठेवली. या पिढीच्या गाड्यांत रेडिएटरला वेगळी बाटली नसते आणि प्रसरण पावलेल्या पाण्याला तेवढीच जागा मिळते.

त्याच दुपारी गाडी पूर्ण भाराने दिवे घाट चढली. मध्यावर काटा थोडा वर सरकला, तिथेच स्थिरावला आणि माथ्यावर इंजिन मंद चालीवर ठेवताच खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, मिस्त्रींनी पातळी पुन्हा पाहिली, होजचे क्लिप अर्धा-अर्धा फेरा आवळले आणि मालकांना दोन गोष्टी सांगितल्या: कूलंट दर दोन वर्षांनी बदलायचे, आणि वाटेत भर घालावी लागली तर बोअरचे पाणी त्यात जाऊ द्यायचे नाही. डिकीत डिस्टिल्ड पाण्याचा कॅन ठेवूनच गाडी गॅरेजबाहेर पडली.